तापाचा कितवा दिवस? पावसाळी आजार ओळखण्याची घरगुती रीत

घरात कुणाला ताप आला की पहिला प्रश्न हमखास ‘किती आहे?’ असा असतो, आणि दवाखान्यात पाऊल टाकल्यावर डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा ‘कितवा दिवस?’ असा असतो. या दुसऱ्या प्रश्नाचे नेमके उत्तर घरच्यांकडे क्वचितच असते. ‘परवापासून आहे, नाही, रविवारी थोडी कणकण होती, पण सोमवारी तर कामावर गेले होते’ अशी घरच्यांची आपापसांतच चर्चा होते आणि शेवटी केसपेपरवर ‘३-४ दिवस’ असे मोघम काहीतरी लिहिले जाते. हा मोघमपणा महागात पडू शकतो. जून ते नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात आणि गोव्यात जे ताप फिरत असतात, ते पहिल्या दोन दिवसांत जवळपास सारखेच दिसतात. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, टायफॉइड, चिकुनगुन्या, स्क्रब टायफस आणि साधा व्हायरल या सगळ्यांची सुरुवात अंग मोडून येणे, डोके दुखणे आणि अन्नावरची वासना उडणे अशीच होते. त्यांच्यातला फरक पुढे दिवसागणिक उघड होत जातो, आणि तो उघड होत असताना रुग्णाच्या उशाशी घरचेच कुणीतरी बसलेले असते.

निदान डॉक्टरांनीच करायचे आहे. त्यासाठी त्यांच्या हाती नेमकी माहिती पोचावी, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन आहे. काय पाहावे, कोणत्या दिवशी पाहावे, काय लिहून ठेवावे आणि कोणती खूण दिसताच घरातून निघावे, हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या रुग्णाचे निदान लवकर होते.

नोंदीचा कागद

वहीचे एक पान पुरते. ज्या दिवशी पहिल्यांदा कणकण वाटली तो पहिला दिवस धरावा, थर्मामीटर लावला तो दिवस धरू नये. डिजिटल थर्मामीटर स्वस्त असतो आणि पाऱ्याच्या नळीसारखा फुटण्याची भीती नसते. काखेत लावायचा असल्यास आधी काख कोरडी पुसावी, कारण घामाने आकडा कमी येतो. तोंडात लावायचा असल्यास चहा किंवा गार पाणी घेतल्यानंतर पंधरा-वीस मिनिटे थांबावे. काखेतला आकडा तोंडातल्या आकड्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइटने कमी असतो, म्हणून एकदा एक जागा ठरवली की तीच ठेवावी आणि कागदावर ती लिहावी. तोंडातले तापमान १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक भरल्यास तो ताप समजावा. कपाळावर हात ठेवून ‘फणफणलाय’ म्हणणे हे मायेचे असते, मोजमापाचे नव्हे. दिवसातून तीन-चार वेळा आणि हुडहुडी भरली तर त्या वेळी मोजावे, गोळी देण्यापूर्वी मोजावे आणि गोळीची वेळही लिहावी. गाढ झोपलेल्या माणसाला केवळ आकड्यासाठी उठवू नये.

तापासोबत आणखी चार गोष्टी लिहाव्यात: पोटात किती द्रव गेले, लघवी किती वेळा झाली आणि तिचा रंग कसा होता, उलट्या-जुलाब किती झाले, आणि नव्याने काय दुखू किंवा दिसू लागले. एका पानावरचा मजकूर साधारण असा असतो:

‘दिवस ३, बुधवार. सकाळी ७ – १०२.२ (काख). ७.१० ला गोळी. ९ ला घाम, १००. दुपारी १ – १०३, हुडहुडी नाही. पाणी, सरबत, पेज मिळून अंदाजे दीड लिटर. लघवी ४ वेळा, गडद पिवळी. उलटी १. डोळ्यांच्या मागे दुखते. अंगावर पुरळ नाही, डोळे स्वच्छ.’

यातली शेवटची ओळ अनेकांना निरर्थक वाटेल, पण मला तीच सर्वांत मोलाची वाटते. तिसऱ्या दिवशी पुरळ नव्हते असे लिहिलेले असेल, तरच पाचव्या दिवशीचे पुरळ नवे आहे असे ठामपणे सांगता येते. आठवणीवर विसंबून कुणी तसे सांगू शकत नाही.

पानाच्या डोक्यावर गेल्या तीन आठवड्यांचा हिशेब लिहावा. रुग्ण साचलेल्या पाण्यातून चालला होता का, लावणीला किंवा भांगलणीला शेतात उतरला होता का, जंगलात अथवा परगावी जाऊन आला होता का, बाहेरचे पाणी, उसाचा रस किंवा पाणीपुरी पोटात गेली होती का, घरात उंदीर-घुशींचा वावर आहे का, आळीत कुणाला डेंग्यू झाला आहे का. त्याच्या खाली वय, गरोदरपण, मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आणि रोजच्या गोळ्या, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी, यांची नोंद असावी. तीन आठवडे मागे जाण्याचे कारण असे की डेंग्यूचा डास चावल्यापासून ताप यायला साधारण ४ ते १० दिवस लागतात, लेप्टोला बहुधा ५ ते १४, आणि स्क्रब टायफसला ६ ते २१ दिवसही लागू शकतात. काल भिजल्यामुळे आज ताप आला, हा आपला आवडता तर्क या आजारांच्या बाबतीत सहसा खरा नसतो.

डेंग्यू: ताप उतरला तो दिवस

डेंग्यूविषयी लोकांना पुष्कळ माहिती आहे, तरीही त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अनेकांना उलटी ठाऊक असते. एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो, कुंडीखालच्या बशीत, टायरात, पाण्याच्या उघड्या पिंपात आणि फ्रिजमागच्या ट्रेमध्ये साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, इतके शाळेतली मुलेही सांगतात. अचानक चढलेला भरपूर ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, हाडे मोडल्यासारखे अंग दुखणे, मळमळ आणि चेहऱ्यावर लाली हे पहिल्या दोन-तीन दिवसांचे चित्रही परिचयाचे आहे. मात्र या दिवसांत रुग्ण कितीही बेजार दिसला, तरी खरा धोका बहुधा पुढे असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान केव्हातरी ताप उतरतो, घरात हायसे वाटते, आणि नेमके त्याच सुमारास काही रुग्णांमध्ये केशवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तातले पाणी बाहेर झिरपू लागते. रक्त घट्ट होते, पोटात आणि छातीत पाणी साचते, रक्तदाब घसरतो. हा काळ २४ ते ४८ तासांचा असतो आणि तो निभावला की बहुतेक रुग्ण झपाट्याने सुधारतात.

म्हणून ताप उतरल्याच्या दिवशी नोंद बंद न करता दुप्पट बारकाईने ठेवावी. रुग्णाला भूक लागली, तो उठून बसला, लघवी नेहमीसारखी होऊ लागली, तर तो बरा होत आहे. त्याउलट ताप नसतानाही तो मलूल पडून राहिला किंवा उगाच अस्वस्थ होऊन कूस बदलत राहिला, पोटात सतत कळा येऊ लागल्या, तीन-चार उलट्या लागोपाठ झाल्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, शौचाला काळे झाले, पाळी वेळेआधी किंवा फार जोरात आली, हातपाय गार पडले, सहा तासांत लघवीच झाली नाही, यांपैकी एकही गोष्ट घडली तर रुग्णालयात न्यावे. नखावर अंगठ्याने दाब देऊन सोडावा. पांढरे पडलेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवे. त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर ते हातापायांपर्यंत रक्त नीट पोचत नसल्याचे लक्षण असू शकते.

पेशींबद्दलही, म्हणजे प्लेटलेटबद्दलही, थोडे स्पष्ट बोलायला हवे. ‘पेशी किती आल्या?’ हा प्रश्न डेंग्यूच्या रुग्णाच्या घरी शेअर बाजाराच्या निर्देशांकासारखा विचारला जातो, आणि आकडा ५०,००० वर आला की नातेवाईक रक्तपेढीच्या दिशेने धावू लागतात. रक्तस्राव होत नसेल तर आकडा १०,००० च्या खाली जाईपर्यंत डॉक्टर सहसा पेशी चढवत नाहीत, आणि त्यात त्यांची हयगय नसते. त्यांचे लक्ष पेशींइतकेच हिमॅटोक्रिटकडे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीकडे, असते. तो वाढत असेल आणि त्याच वेळी पेशी झपाट्याने घटत असतील, तर पाणी झिरपू लागले आहे, असा त्याचा अर्थ ते काढतात. रुग्णाला वाचवते ते योग्य वेळी योग्य प्रमाणात दिलेले पाणी, तोंडाने शक्य असेल तोवर तोंडाने आणि नंतर शिरेतून. पपईच्या पानांचा रस देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण तो कडू रस पाजल्यामुळे उलट्या सुरू होऊन जलसंजीवनी पोटात टिकत नसेल, तर तो थांबवलाच पाहिजे.

तापासाठी गोळी पॅरासिटामॉलचीच द्यावी. मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची गोळी, दोन गोळ्यांमध्ये चार ते सहा तासांचे अंतर ठेवून. मुलांना वजनाप्रमाणे, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम या हिशेबाने, आणि तेही डॉक्टरांना विचारून. सर्दीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते, त्यामुळे दोन्ही एकत्र दिल्यास मात्रा नकळत वाढते आणि यकृतावर ताण येतो. अंगदुखीसाठी घरात पडलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन मात्र डेंग्यूची शंका मिटेपर्यंत हातात धरू नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयविकारामुळे रोज ॲस्पिरिन घेणाऱ्याने ती स्वतःहून बंद न करता त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

चिकुनगुन्या त्याच डासामुळे होतो आणि सुरुवातीला डेंग्यूसारखाच दिसतो; त्याची ओळख सांध्यांवरून पटते. मनगटे, घोटे आणि बोटांची पेरे इतकी धरतात की सकाळी दाराची कडी काढता येत नाही, आणि ताप गेल्यावरही ही दुखणी आठवडेच्या आठवडे, कुणाला महिनोन्‌महिने रेंगाळतात. महाराष्ट्राला हा आजार नवा नाही. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ आली होती.

पाय कुठे कुठे गेले होते

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाणी ओसरल्यानंतरच्या दिवसांत लेप्टोचे रुग्ण रुग्णालयांत येऊ लागले. उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतले जंतू पाण्यात व चिखलात मिसळतात आणि पायावरच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून किंवा डोळ्यांवाटे शरीरात शिरतात. शहरात तुंबलेले पाणी आणि कोकणात भाताची खाचरे, ही दोन्ही लेप्टोची माहेरघरे आहेत. त्यामुळे कोकणात लावणीच्या दिवसांनंतर आलेल्या प्रत्येक तापात लेप्टोचा विचार आधी करावा लागतो. त्याच्या दोन खुणा घरच्या घरी पाहता येतात. पहिली म्हणजे पोटऱ्या: त्या हलके दाबल्या तरी रुग्ण कळवळतो. दुसरी म्हणजे डोळे: ते लालभडक होतात, पण डोळे आल्यावर जशी चिपडे येतात तशी येत नाहीत. पुढे डोळे पिवळे दिसू लागले, लघवी कमी झाली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर आजार यकृत, मूत्रपिंड आणि फुप्फुसांपर्यंत पोचला आहे असे समजून क्षणभरही थांबू नये. एवढ्यात ‘कावीळ झाली’ म्हणून कुणी झाडपाला देणाऱ्याचा पत्ता सांगतो. साध्या विषाणूजन्य काविळीत डोळे पिवळे होईपर्यंत ताप बहुधा उतरलेला असतो. ताप चढलेला असतानाच कावीळ दिसणे ही निराळी आणि गंभीर गोष्ट आहे.

पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल, तर ताप येण्याची वाट न पाहता एक ते तीन दिवसांत जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सांगावे. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक द्यायचे की नाही, हे तिथले डॉक्टर वय आणि गरोदरपण पाहून ठरवतात.

स्क्रब टायफसची गोष्ट मी आमच्याच घरातली सांगतो. विदर्भातल्या माझ्या एका काकांना पोळ्यानंतर ताप आला. ते सोयाबीनच्या शेतात आणि बांधावरच्या गवतात रोज बसत-उठत होते. सहा दिवस ताप हटेना, डेंग्यूची आणि मलेरियाची तपासणी कोरी आली, दोन प्रकारची प्रतिजैविके झाली, आणि श्वास जड होऊ लागला. ज्या डॉक्टरांकडे अखेर नेले, त्यांनी कागद बाजूला ठेवून काकांना कपडे उतरवायला लावले. काखा पाहिल्या, जांघा पाहिल्या, आणि मग कमरेचा करदोडा बोटाने वर सरकवला. त्याच्या बरोबर खाली विडीचा चटका बसल्यासारखी एक काळी खपली होती, भोवती लालसर कड. काकांना ती ना दुखत होती, ना खाजत होती. करदोडा घासून झाले असेल, असे त्यांना वाटत होते. डॉक्सिसायक्लिन सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी रात्री ताप उतरला.

ही खपली गवतातल्या माइट नावाच्या बारीक किड्याच्या अतिसूक्ष्म पिल्लाने चावल्याच्या जागी येते. ते पिल्लू अंगावर चढते आणि कपडा जिथे घट्ट बसतो, त्वचा जिथे मऊ असते, तिथे थांबते. म्हणून काख, जांघ, कंबर, स्तनांखालची घडी, गुडघ्यामागची खोबण आणि कानामागची जागा शोधावी लागते. संकोचामुळे नेमक्या याच जागा दाखवायच्या राहतात. घरात पाहणारी व्यक्ती रुग्णाच्या विश्वासातली असावी आणि उजेड चांगला असावा. खपली प्रत्येक रुग्णाला येतेच असे नाही, तेव्हा ती सापडली नाही म्हणून हा आजार नाही, असे म्हणता येत नाही. मात्र सापडली तर निदानाचे निम्मे काम तिथेच होते. नेहमीची पेनिसिलिन जातीची औषधे या जंतूवर चालत नाहीत, म्हणून ‘एवढी औषधे झाली तरी ताप हटेना’ ही तक्रारसुद्धा डॉक्टरांना एक खूण पुरवते.

मलेरियाची थंडी-ताप-घाम ही पुस्तकी पायरी सर्वांना पाठ असते: आधी दात वाजवणारी हुडहुडी, मग भडकलेला ताप, मग पांघरुण भिजवणारा घाम, आणि एक दिवसाआड त्याची पुनरावृत्ती. प्रत्यक्षात पहिल्या काही दिवसांत ताप असा शिस्तीत येत नाही. त्यामुळे गडचिरोलीसारख्या भागात राहणाऱ्याला किंवा तिथून परतलेल्याला, तसेच इमारतींची बांधकामे चालू असलेल्या शहरी वस्तीतल्या माणसाला ताप आल्यास हुडहुडीची वाट न पाहता रक्त तपासून घ्यावे. अहवाल कोरा आला आणि ताप चालूच राहिला, तर पुन्हा तपासावे. एका काचपट्टीत जंतू न सापडणे म्हणजे मलेरिया नसणे नव्हे. फाल्सिपेरम जातीचा मलेरिया मेंदूपर्यंत जाऊ शकतो, म्हणून तापात बरळणे किंवा झापड येणे दिसल्यास ती आणीबाणी समजावी.

टायफॉइडला जुनी माणसे मुदतीचा ताप म्हणत, आणि ते नाव यथार्थ आहे. तो एकदम भडकत नाही; रोज संध्याकाळी कालच्यापेक्षा थोडा वर, अशा पायऱ्यांनी चढतो, जिभेवर पांढरट थर असतो, पोट जड राहते, कुणाला बद्धकोष्ठ तर कुणाला जुलाब होतात. नोंदीच्या कागदावर हा चढता जिना स्पष्ट दिसतो.

कोणती तपासणी कोणत्या दिवशी

रक्ततपासणीची घाई आणि दिरंगाई दोन्ही फसवतात, आणि इथेही कितवा दिवस हेच कळीचे ठरते. डेंग्यूची एनएस-१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते. त्यानंतर आयजीएम प्रतिपिंडांची, म्हणजे जंतूंशी लढण्यासाठी शरीर काही दिवसांनी तयार करते त्या प्रथिनांची, चाचणी पाहावी लागते. दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम चाचणी कोरी आली म्हणून निर्धास्त होणे चुकीचे आहे. लेप्टो आणि स्क्रब टायफसच्या प्रतिपिंडांच्या चाचण्याही पहिल्या आठवड्यात अनेकदा कोऱ्या येतात, आणि त्यामुळेच अनुभवी डॉक्टर लक्षणांवरून उपचार सुरू करतात, अहवालाची वाट पाहत नाहीत. रुग्णाच्या घरच्यांना हे अंदाजपंचे वाटते. तसे ते नसते.

टायफॉइडच्या विडाल चाचणीवर मात्र माझा जाहीर राग आहे. पूर्वी होऊन गेलेला संसर्ग, लस आणि इतर तापसुद्धा ती होकारार्थी करू शकतात, आणि मग साध्या व्हायरलवर टायफॉइडचा शिक्का बसून इंजेक्शने सुरू होतात. पहिल्या आठवड्यात, प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी केलेले ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे, हाच विश्वासाचा मार्ग आहे. ते महाग असते, अहवालाला काही दिवस लागतात, पण कोणते औषध लागू पडेल हेही त्यातून कळते. म्हणूनच औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेल्या प्रतिजैविकाच्या चार गोळ्या घेऊन मग डॉक्टरांकडे जाणे नुकसानकारक आहे: जंतू मरत नाहीत, पण कल्चरमध्ये उगवतही नाहीत.

विरळ आजारांचा विचार कसा करावा

विरळ आजारांची यादी पाठ करून उपयोग नसतो. तसे केल्यास प्रत्येक डोकेदुखीत मेंदूज्वर दिसू लागतो. त्याऐवजी नेहमीच्या तापाच्या वाटेत न बसणारी एखादी गोष्ट दिसली, तरच त्या आजाराकडे वळावे.

पहिली विसंगती वेगाची. सकाळी खेळणाऱ्या मुलाला दुपारी कडक ताप येतो, रात्री झटके येतात, आणि दुसऱ्या दिवशी ते हाकेला ओ देत नाही. इतक्या झपाट्याने मेंदूवर जाणाऱ्या तापांत चांदीपुरा विषाणूचा समावेश होतो. त्याचे नाव नागपूरच्या चांदीपुरा भागावरून पडले आहे. १९६५ साली तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो प्रथम सापडला. तो मुख्यतः पंधरा वर्षांखालील मुलांना गाठतो आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणाऱ्या सँडफ्लाय नावाच्या बारीक माशीमुळे पसरतो. २००३ साली आंध्र आणि महाराष्ट्रात, तर २०२४ साली गुजरातेत त्याने मुलांचे बळी घेतले. त्यावर खास औषध नाही, परंतु झटके आटोक्यात ठेवणे आणि श्वास सांभाळणे यासाठी मिळालेले तास अमूल्य असतात. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना साध्या तापातही झटका येऊ शकतो हे खरे. पण झटक्यानंतर मूल थोड्या वेळात नेहमीसारखे जागे झाले नाही, तर तो साधा झटका मानू नये.

दुसरी विसंगती ऋतूची. डोंगरकडेच्या गावात पाऊस संपल्यावर, डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत, काजूच्या बागेत किंवा जंगलात काम करणाऱ्याला अचानक कडक ताप, असह्य डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली आणि आसपास माकडे मेलेली आढळली असतील, तर तो माकडताप असू शकतो. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात तो ओळखला गेला, आणि २०१६ च्या सुमारास तो सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात व गोव्याच्या सत्तरीत पोचला. तो गोचिडीमुळे होतो. मेलेल्या माकडाला हात न लावता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे, आणि जंगलातून परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून अंग नीट तपासावे. काही रुग्णांत ताप जाऊन एक-दोन आठवड्यांनी पुन्हा येतो आणि दुसऱ्या फेरीत मेंदूची लक्षणे दिसतात, म्हणून बरे झाल्यावरही नोंदीचा कागद टाकू नये.

तिसरी विसंगती अशी की आजार संपलेला असतो आणि भलतेच काही सुरू होते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जुलाब होऊन गेलेल्या लोकांचे पाय एकाएकी लुळे पडू लागले, आणि गीयाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हे नाव घराघरांत पोचले. जुलाब घडवणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरसारख्या जंतूशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते. जुलाब किंवा ताप येऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी पावलांत मुंग्या येतात, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत, चप्पल पायातून निसटते, आणि हा अशक्तपणा दोन्ही बाजूंनी वर चढत जातो. आजारानंतरचा साधा थकवा विश्रांतीने कमी होतो. इथे विश्रांतीने काहीच फरक पडत नाही. खुर्चीच्या हाताला न धरता उठता येते का, ही साधी परीक्षा दिवसातून दोनदा घ्यावी. आज जमले आणि उद्या जमले नाही, तर न्यूरॉलॉजिस्ट आणि व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात जावे, कारण हा अशक्तपणा श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचू शकतो. वेळेवर इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडे) किंवा प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) बदलण्याचे उपचार मिळाल्यास बहुसंख्य रुग्ण पुन्हा चालू लागतात, जरी त्याला अनेक महिने लागले तरी.

लहान मुलांत आणखी एक. पाच दिवस किंवा त्याहून अधिक ताप, दोन्ही डोळे लाल पण कोरडे, ओठ फुटून लालचुटूक, जीभ स्ट्रॉबेरीसारखी, अंगावर पुरळ, हातापायांना सूज, मानेत गाठ: यांतल्या गोष्टी एकत्र दिसल्या तर ‘व्हायरलच आहे’ यावर समाधान मानू नये आणि कावासाकी आजाराबद्दल बालरोगतज्ज्ञांना थेट विचारावे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ नये म्हणून त्याचे उपचार तापाच्या पहिल्या दहा दिवसांत व्हावे लागतात.

आणि दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळणारा, संध्याकाळी चढणारा, रात्री घामाने कपडे भिजवणारा आणि वजन उतरवणारा ताप आपल्याकडे विरळ मुळीच नाही. तिथे क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी.

रात्र काढू नये अशा वेळा

‘अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार मराठीत कौतुकाने वापरला जातो, पण पुढील बाबतीत उजाडण्याची वाट पाहू नये. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ चा ताप. मान ताठ होऊन हनुवटी छातीला न टेकणे. बरळणे, माणूस न ओळखणे किंवा उठवूनही नीट जागे न होणे. दाबले तरी फिके न पडणारे लाल-जांभळे ठिपके. बोलता बोलता लागणारी धाप. लहान मुलाची धाप मोजायची असेल तर ते शांत असताना, पोटावरचा कपडा बाजूला करून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत: दोन महिन्यांखालील बाळात ६०, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा त्याहून अधिक भरले, तर श्वास जलद चालला आहे. गरोदर स्त्रीचा ताप तर पहिल्याच दिवशी दाखवावा. २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला. मोठ्यांत किरकोळ ठरणारा हा ताप गर्भाच्या मेंदूला इजा करू शकतो. वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा.

निघताना नोंदीचे पान, आधीचे अहवाल आणि घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे एकाच पिशवीत घालावीत. ‘एक पांढरी गोळी आणि एक पिवळी’ असे सांगण्यापेक्षा पाकीट पुढे करणे बरे. डॉक्टरांपुढे पहिले वाक्य दिवसाचे असावे, दुसरे या वेळी नवीन काय दिसले त्याचे, आणि तिसरे रुग्ण कुठे कुठे गेला होता त्याचे.

घरी परतल्यावरही काही दिवस हे पान चालू ठेवावे लागते. व्हायव्हॅक्स जातीच्या मलेरियात ताप दोन-तीन दिवसांत जातो, पण यकृतात दडून बसलेले जंतू मारण्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितके दिवस, बहुधा १४ दिवस, घ्याव्या लागतात. जीसिक्सपीडी या विकराची कमतरता असलेल्यांना, तसेच गरोदर स्त्रियांना त्या चालत नाहीत, म्हणून डॉक्टर आधी त्याची खात्री करतात. या गोळ्या घेताना लघवी चहासारखी काळपट झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवावे. पाचव्या-सहाव्या दिवशी माणूस कामावर जाऊ लागतो आणि उरलेल्या गोळ्या देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात जाऊन पडतात; मग दोन-तीन महिन्यांनी, डास नवा चावलेला नसतानाही, तोच ताप परत येतो. म्हणून त्याच पानाच्या मागे १ ते १४ आकडे मांडावेत आणि गोळी पोटात गेल्यावरच त्या दिवसाच्या आकड्यावर काट मारावी.